पेनल्टी दिली हे कळलं हो, पण का दिली?

फुटबॉलमधल्या पेनल्टीचा अधिकृत इशारा किती साधा असतो हे एकदा नीट बघा. शिट्टी वाजते, रेफ्री एक हात लांब करून पेनल्टी स्पॉटकडे दाखवतो, संपलं. कोणी कोणाला पाडलं, हाताला लागला का, शर्ट ओढला का, काही नाही. ज्या निर्णयाने अख्खी मॅच फिरते, कधी कधी वर्ल्ड कप फिरतो, त्याची खूण एवढीशी, आणि तिकडे क्रिकेटमध्ये साधा सिक्स द्यायला अंपायर दोन्ही हात आभाळाला लावतो.

मुलगा अंडर थर्टीन खेळतो, गोली म्हणजे गोलकीपर आहे, त्यामुळे माझे वीकेंड घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली, नाहीतर ट्रान्स हार्बर पकडून ठाण्याला आणि तिथून रिक्षाने घोडबंदर रोडच्या कुठल्यातरी टर्फवर जाळीच्या बाहेर उभं राहण्यात जातात. गोलीची आई असणं म्हणजे काय हे दुसऱ्या गोलीच्या आईलाच विचारा. स्ट्रायकरची आई गोल चुकला की "चल चल, होतं असं" म्हणते आणि मोकळी होते. आमच्याकडे प्रत्येक पेनल्टी म्हणजे माझ्या पोराला एकट्याला उभं करून समोरून बॉल मारणार, तेव्हा ती का दिली हे मला कळलं पाहिजे ना! तर या चिडचिडीतून मी नियम वाचायला लागले, फुटबॉलचे नियम ठरवणारी संस्था आयफॅब, तिचं ते नियमांचं पुस्तक ऑनलाइन फुकट मिळतं, आणि आता मुलगा म्हणतो आई तू पूर्वी बरी होतीस, नुसती ओरडायचीस.

आता टर्फवरची खरी गंमत सांगते. फुटबॉलमध्ये गोल किक (बॉल गोलच्या बाजूने बाहेर गेला की बचाव करणाऱ्या टीमने मारायची किक) द्यायची असली तरी रेफ्री हात लांब करून गोल एरियाकडे दाखवतो आणि पेनल्टी द्यायची असली तरी हात लांब करून स्पॉटकडे दाखवतो. मोठ्या ग्राउंडवर स्पॉट गोलपासून 11 मीटरवर, गोल एरियाची रेष साडेपाच मीटरवर, त्यामुळे फरक दिसतो. पण आपल्याकडच्या सेव्हन-अ-साइड टर्फवर हे सगळं एवढ्याशा जागेत कोंबलेलं, बऱ्याच ठिकाणी बॉक्स, म्हणजे ज्यात फाउल केला की पेनल्टी मिळते ती गोलसमोरची जागा, एक अर्धगोल आणि स्पॉट म्हणजे पुसट झालेला पांढरा ठिपका. कोपरखैरणेच्या एका मॅचला समोरच्या टीमचा पोरगा बॉक्समध्ये पडला, बॉल आमच्या डिफेंडरच्या पुढून घरंगळत बाहेर गेला, शिट्टी वाजली आणि रेफ्रीने हात केला गोलकडे. झालं! तिकडची पोरं नाचायला लागली, आमची पोरं बॉल ठेवून गोल किक घ्यायला निघाली, एका मुलाचे बाबा जाळीला लटकून "सर पेनल्टी आहे ना, पेनल्टी आहे ना" आणि दुसरे बाबा "अहो गोल किक दाखवलीय त्यांनी, डोळे तपासा". रेफ्री बिचारा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, तो तसाच हात धरून उभा. शेवटी चालत जाऊन त्याने बूट स्पॉटवर ठेवला तेव्हा सगळ्यांना कळलं. पेनल्टी होती. आणि होतीच, मागून पाय लागला होता, मी आमच्या बाजूची असून सांगते.

त्या पोराने जे केलं, म्हणजे चालत स्पॉटपाशी जाऊन उभं राहणं, ते मला फार आवडलं. नंतर बघायला लागले तर टीव्हीवरचे मोठे रेफ्रीही तेच करतात, शिट्टी मारली की लगेच दोन-चार पावलं त्या दिशेने धावतात. म्हणजे हाताने जे अर्धवट कळतं ते पायाने पूर्ण होतं. मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन धावणाऱ्या लाइन्समनचं तर सगळं कामच पायाचं. बॉक्सच्या कडेला फाउल झाला आणि रेफ्रीला दिसला नाही तर तो आधी रेफ्रीच्या डोळ्याला डोळा भिडवतो, रेफ्रीने काही केलं नसेल तर झेंडा वर, आणि मग तो टचलाइनवरून कॉर्नर फ्लॅगच्या दिशेने चालायला लागला की समजायचं आत झालाय, पेनल्टी. फाउल बाहेर असेल तर तो उलट मधल्या रेषेच्या दिशेने जातो. आणि रेषा स्वतः बॉक्सचा भाग असते बरं का, रेषेवर फाउल म्हणजे पेनल्टी, आणि बॉल कुठे होता याच्याशी घेणंदेणं नाही, फाउल कुठे झाला ते बघायचं. ओढाओढी बाहेर सुरू होऊन आतपर्यंत चालू राहिली तरी पेनल्टीच. ही दोन वाक्यं मी आमच्या पालकांच्या ग्रुपवर पिन करून ठेवायला सांगितली होती, कोणी केली नाहीत.

पुस्तकातले बाकीचे इशारे मोजकेच आहेत. डायरेक्ट फ्री किकला हात आडवा, ज्या दिशेला मारायची तिकडे. कॉर्नरला हात कॉर्नरकडे. ऍडव्हान्टेजला दोन्ही हात पुढे, आता एका हाताने केलं तरी चालतं. इनडायरेक्ट फ्री किकला, म्हणजे जिच्यावर डायरेक्ट गोल धरत नाहीत तिला, हात डोक्यावर सरळ उभा, आणि तो बॉल दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत किंवा बाहेर जाईपर्यंत तसाच. या शेवटच्या इशाऱ्यात एक मस्त कलम लपलंय: रेफ्री हात वर करायला विसरला आणि बॉल डायरेक्ट गोलमध्ये गेला, तर किक परत घ्यायची. म्हणजे हा एक हात असा आहे की तो वर नसेल तर खेळाचा निकालच बदलतो, बाकी इशारे विसरले तर फार तर गोंधळ होतो. ऍडव्हान्टेजचा गोंधळ तर दर मॅचला. रेफ्री दोन्ही हात पुढे करतो म्हणजे "फाउल आहे, पण तुमचाच फायदा चाललाय, खेळा", आणि जाळीबाहेरचे सगळे समजतात की फाउल नाही म्हणाला. मग शिव्या.

आणि जो इशारा सगळ्यात जास्त वापरला जातो तो पुस्तकात नाहीच! "फाउल नाही, उठ" हा. रेफ्री दोन्ही हात खाली कमरेजवळ आडवे फिरवतो, किंवा तळहात वर-खाली करून उठ उठ करतो, किंवा स्वतःच बॉल मारल्यासारखा पाय हलवून "त्याने बॉल खेळला" दाखवतो. हे सगळं रेफ्रींनी आपापसात तयार केलेलं. हँडबॉल दिला की स्वतःच्या दंडावर थाप मारणं, शर्ट ओढला की स्वतःचा शर्ट ओढून दाखवणं, यातलं काहीच अधिकृत इशाऱ्यांच्या यादीत नाही. उलट नियमांच्या पुस्तकात मार्गदर्शन म्हणून साफ लिहिलंय की देहबोली ही मॅच ताब्यात ठेवायला आणि अधिकार दिसायला आहे, निर्णयाचं स्पष्टीकरण द्यायला नाही. म्हणजे का ते सांगू नका, काय ते सांगा.

मला हे आधी उद्धट वाटलं. मग कळलं की त्यामागे कारण आहे, रेफ्रीने दंडावर थाप मारली की लगेच समोरचा कॅप्टन "कुठे लागला, खांद्याला लागला" सुरू करणार, एक कारण दिलं की वादाला एक धागा मिळतो. क्रिकेटमध्ये अंपायरचे इशारे मुळात स्कोअररसाठी असतात, स्कोअररने पोचपावती दिल्याशिवाय पुढचा बॉल टाकायचा नाही असा नियम आहे, त्यामुळे ते नीट, मोठे, सगळ्यांना दिसतील असे. फुटबॉलमध्ये समोर स्कोअरर नाही, फक्त बावीस जण आणि त्यातले अकरा नाराज.

तरी माझं मत सांगते, आणि हे फक्त पोरांच्या मॅचबद्दल आहे. टीव्हीवरच्या रेफ्रीने कारण नाही दिलं तरी चालतं, रिप्ले आहे, कॉमेंटेटर आहे, दुसऱ्या दिवशी पेपर आहे. टर्फवर काय आहे? एक पोरगा शिट्टी घेऊन, आणि बारा वर्षांची मुलं ज्यांना खरंच माहीत नाही की आपण काय चुकलो. तिथे रेफ्रीने स्पॉटकडे हात केल्यावर एकदा दंडावर थाप मारली तर माझ्या मते निम्मं भांडण तिथेच मिटतं आणि डिफेंडरला कळतं की पुढच्या वेळी हात मागे ठेव. पुस्तकवाले माझ्यावर ओरडले तरी चालेल. पण क्रम तोच हवा, आधी शिट्टी, मग एक क्षण थांबा, मग हात, मग कारण. काही रेफ्री शिट्टी वाजायच्या आधीच हात करतात, त्यांच्या मॅचला माझ्या पोटात गोळा येतो, कारण हात गेला की मागे घेता येत नाही आणि डोकं अजून विचार करतंय हे चेहऱ्यावर दिसतं.

पेनल्टी नावाचा प्रकार आला कसा तेही रंजक आहे. आयर्लंडमधल्या मिलफर्डचा विल्यम मॅक्रम नावाचा गोलकीपर, होय गोलकीपर, त्याने ही कल्पना मांडली आणि 1891 मध्ये ती नियमात आली. गोलीने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला असं आमच्या घरात म्हणतात. तेव्हा स्पॉट नव्हताच, गोलपासून बारा यार्डांवर एक रेष असायची आणि त्या रेषेवर कुठूनही मारायची, स्पॉट 1902 मध्ये आला. म्हणजे तोपर्यंत रेफ्री हात करणार तरी कुठे! आणि त्याच 1891 मध्ये रेफ्री मैदानाच्या आत आला, त्याआधी आत दोन टीमचे दोन अंपायर असायचे आणि त्यांचं जमलं नाही की बाहेर उभ्या रेफ्रीला विचारायचं. अपील केल्याशिवाय काही मिळायचंही नाही, अगदी हाउज दॅट सारखं. आपल्या टर्फवरची पोरं अजून त्याच काळात आहेत, बॉल पोटाला लागला तरी सहा जण हात वर करून "हँड, हँड".

हिंमतीच्या पेनल्ट्या म्हटलं की मला 1974 ची वर्ल्ड कप फायनल आठवते, म्हणजे आठवते कसली, मी जन्मले नव्हते, यूट्यूबवर बघितलीय. म्युनिकला पश्चिम जर्मनी विरुद्ध नेदरलँड्स, रेफ्री इंग्लंडचा जॅक टेलर, पेशाने खाटीक. मॅच सुरू व्हायच्या आधी त्याच्या लक्षात आलं की कॉर्नरचे झेंडेच लावलेले नाहीत, मग ते लावेपर्यंत सगळे थांबले. आणि सुरू होऊन मिनिट होतंय तेवढ्यात नेदरलँड्सच्या क्रायफला बॉक्समध्ये पाडलं आणि याने यजमान टीमविरुद्ध, त्यांच्याच स्टेडियममध्ये, सरळ स्पॉटकडे हात केला. जर्मनीच्या कोणाचा बॉलला पायसुद्धा लागला नव्हता तोवर. वर्ल्ड कप फायनलमधली ती पहिली पेनल्टी. पुढे जर्मनीलाही एक दिली आणि ते 2-1 जिंकले. झेंडे बघणारा माणूसच असा हात करू शकतो असं मला वाटतं, उगीच.

त्याच्या उलट 2018 ची फायनल, फ्रान्स विरुद्ध क्रोएशिया. फ्रान्सच्या कॉर्नरवर बॉल क्रोएशियाच्या पेरिशिचच्या हाताला लागला, रेफ्री पिताना रिप्लेच्या स्क्रीनकडे गेला, बघितलं, निघाला, परत वळून बघायला गेला, आणि मग हाताने टीव्हीचा चौकोन काढून स्पॉटकडे हात. ग्रीझमनने मारली, पुढे फ्रान्स 4-2. ती पेनल्टी बरोबर की चूक यावर आमच्या सोसायटीत अजून दोन तट आहेत. पण जो निघाला आणि परत वळला त्याचा हात कितीही सरळ असला तरी क्रोएशियाच्या माणसाला तो पटणार कसा? 2022 ला रेफ्री मार्चिनियाकने फायनलमध्ये तीन पेनल्ट्या दिल्या, तिन्ही स्क्रीनकडे न जाता, आणि त्यावर बोंबाबोंब त्यामानाने कमी झाली. फाउल किती स्पष्ट होता हा भाग आहेच. पण रेफ्री किती जवळ होता आणि त्याने किती शांतपणे हात केला हाही आहे.

हो, आणि तो चौकोन! व्हीएआरसाठी, म्हणजे व्हिडिओ बघून मदत करणाऱ्या रेफ्रीसाठी, दोन खुणा आहेत, कानाला बोट म्हणजे आतून काहीतरी सांगतायत, चेकिंग चालू आहे, आणि हवेत चौकोन म्हणजे रिव्ह्यू. पोरांनी ही एक गोष्ट चोख उचललीय. ज्या टर्फवर साधा सीसीटीव्ही धड चालत नाही तिथे पोरं रेफ्रीसमोर चौकोन काढतात. त्यांना कोणी सांगत नाही की खेळाडूने असा चौकोन काढत राहणं हा नियमाने यलो कार्डचा गुन्हा आहे. आपल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) इतकी वर्षं व्हीएआर शिवायच चाललंय, पण मुलं आयएसएल बघून कुठे शिकतात, प्रीमियर लीग बघून शिकतात.

आयएसएलवरून आठवलं, मार्च 2023, बंगळुरू विरुद्ध केरळा ब्लास्टर्स, नॉकआउट, एक्स्ट्रा टाइम. बॉल अडवायला ब्लास्टर्सच्या खेळाडूंची वॉल लागतेय, गोली अजून वॉल लावतोय आणि सुनील छेत्रीने शिट्टीची वाट न बघता फ्री किक मारून गोल केला, रेफ्रीने गोल दिला, ब्लास्टर्सचा कोच टीमला घेऊन मैदानाबाहेर निघून गेला, पुढे चार कोटींचा दंड झाला. सगळा वाद एकाच गोष्टीचा होता, रेफ्रीने थांबायचा इशारा केला होता की नव्हता. फ्री किकला शिट्टी लागतेच असं नाही, रेफ्रीने अंतर मोजायला थांबवलं असेल तर लागते. पेनल्टीला मात्र नेहमी लागते, शिट्टीआधी मारता येतच नाही. गोलीची आई म्हणून याबद्दल मी कृतज्ञ आहे.

आणि इशारा नसण्याचं दुःख मी स्वतः नेरुळला बघितलंय. डी वाय पाटीलला 2017 च्या अंडर सेव्हन्टीन वर्ल्ड कपची सेमीफायनल, स्पेन विरुद्ध माली. स्पेनचा पहिला गोल पेनल्टीवर, आबेल रुइझ, रेफ्रीचा तो हात सगळ्यांना दिसला, काही प्रश्न नाही. सेकंड हाफमध्ये मालीच्या डुकुरेने लांबून असा मारला की बॉल बारला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. आमच्या स्टँडमधले अर्धे लोक उभे राहिले होते. रेफ्री खेळ चालू ठेवतो, कुठलाही हात नाही, खेळ पुढे गेला. घरी येऊन रिप्ले बघितला तर बॉल रेषेच्या आत पडलेला स्वच्छ दिसत होता. गोललाइन टेक्नॉलॉजी नव्हती. गंमत म्हणजे गोलसाठी पुस्तकात रेफ्रीचा वेगळा इशाराच नाही, गोल स्वच्छ असेल तर लाइन्समनने रेफ्रीच्या डोळ्याला डोळा भिडवायचा एवढंच. स्पेन 3-1 जिंकलं. परतीच्या ट्रेनमध्ये एक काका ओळखपाळख नसताना आम्हाला सानपाडा येईपर्यंत तो गोल समजावून सांगत होते.

हँडबॉलवर मी लिहिणार नव्हते कारण तो विषय संपत नाही, पण थोडक्यात: हाताला लागला म्हणजे फाउल असं नसतं. हात कुठून सुरू होतो तर काखेच्या खालच्या टोकापासून, खांदा चालतो. मुद्दाम लावला का, किंवा हात पसरून शरीर उगाच मोठं केलं का, हे बघतात. हे एवढं जरी जाळीबाहेर कळलं तरी माझ्या कानाला आराम.

2025-26 च्या सीझनपासून गोलींसाठी एक नवीन हात आलाय आणि आमच्या घरात तोच सध्या चर्चेचा विषय. गोलीने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर. पूर्वी सहा सेकंद होते आणि इनडायरेक्ट फ्री किक, जी कोणी देतच नव्हतं. आता रेफ्री शेवटची पाच सेकंदं हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो, पाच, चार, तीन. मला हा इशारा प्रचंड आवडला, कारण यात काय आणि का दोन्ही आहे, आणि शिक्षेच्या आधी आहे. मुलगा म्हणतो आई, मला बोटं दिसली की मी आणखी घाबरतो आणि बॉल समोरच्याच्या पायात देतो. त्याचंही खरं. सीवूड्सच्या पुढच्या स्पर्धेत हा नियम लावायचा का यावर ग्रुपवर भांडण पेटलंय, गोलींचे सगळे पालक विरोधात आणि स्ट्रायकरचे सगळे बाजूने, आणि संयोजक म्हणतायत एकाच रेफ्रीने घड्याळ बघायचं, बोटं मोजायची, बॉक्समधली ढकलाढकली बघायची, तर मग दुसरा रेफ्री बोलवा आणि त्याचे पैसे तुम्ही द्या. यावर मात्र ग्रुप एकदम शांत.